कुतूहल आणि कणव

कोपनहेगनच्या क्रिस्तियान्सहाव्न भागात एका गोदामाच्या छपरावरून सहा वर्षांचा मुलगा खाली पडतो आणि मरतो. छपरावर ताजा बर्फ आहे. त्यात त्याच्या एकट्याचे ठसे आहेत. ते कडेपर्यंत जातात आणि तिथे संपतात. दुसऱ्या कुणाचं पाऊल जवळपास उमटलेलं नाही, तेव्हा पोरगं खेळता खेळता पडलं असणार. पोलिसांपुरतं प्रकरण मिटतं. आपल्याकडे अशा वेळी कागदावर अकस्मात मृत्यूची नोंद होते, तसंच काहीसं. पण त्याच इमारतीत राहणारी स्मिला यास्पर्सन ते ठसे पाहते आणि तिला दिसतं, की हा मुलगा खेळत नव्हता, पळत होता. शिवाय त्याला उंचीची भीती वाटायची. तो आपण होऊन छपरावर जाणं शक्यच नाही.

पीटर होएग या डॅनिश लेखकाची ही कादंबरी १९९२ साली प्रसिद्ध झाली. इंग्रजीत ती अमेरिकेत ‘स्मिलाज सेन्स ऑफ स्नो’ आणि ब्रिटनमध्ये ‘मिस स्मिलाज फीलिंग फॉर स्नो’ या नावांनी आली. उत्तर युरोपातल्या गुन्हेकथांसाठी दिला जाणारा ‘ग्लास की’ पुरस्कार तिला १९९३ साली मिळाला, पुढच्या वर्षी ब्रिटनमधल्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचा ‘सिल्व्हर डॅगर’ मिळाला. १९९७ साली बिले ऑगस्ट यांनी तिच्यावर चित्रपट केला. रहस्यकथेची यापेक्षा चांगली सुरुवात मी वाचलेली नाही. आणि एवढ्या मोलाची सुरुवात हाती असताना पुढे इतकी निसटलेली कादंबरीही माझ्या वाचनात दुसरी नाही.

ती कुठे निसटली हे दाखवता येतं आणि ते मी दाखवणारच आहे. पण मला तपासायचं आहे ते त्याच्या पलीकडचं आहे. शेवटाने माझी निराशा झाली, म्हणजे नेमकी कशाची झाली? मी त्या पुस्तकाकडे काय मागत होते? उत्तर मागत होते की न्याय? आणि या दोहोंतला फरक मला वाचताना कळत होता का?

कादंबरीचे तीन भाग आहेत: शहर, समुद्र आणि बर्फ. पहिला भाग असा आहे की त्यातलं एकही पान वगळता येऊ नये. स्मिलाची आई ग्रीनलंडची, शिकार करून जगणारी. वडील डेन्मार्कमधले श्रीमंत डॉक्टर. आई गेल्यावर लहानपणीच तिला डेन्मार्कला आणलं गेलं. त्या देशात ती नीट रुजली नाही आणि परत जायलाही तिला जागा उरली नाही. मेलेला मुलगा आयझाया, तोही ग्रीनलंडचाच. त्याचे वडील एका कंपनीच्या मोहिमेवर असताना वारले, आई दारूत बुडालेली. हा मुलगा स्मिलाकडे येतो आणि काहीतरी वाचून दाखव म्हणतो. स्मिलाला गणिताचं प्रेम, म्हणून ती त्याला युक्लिडच्या भूमितीतलं वाचून दाखवते. मुलांची फारशी आवड नसलेली एक एकटी बाई आणि कुणाचंच लक्ष नसलेलं एक मूल यांच्यातली ही जवळीक होएग यांनी कुठेही भावुक न होता लिहिली आहे, आणि म्हणूनच ती आतवर जाते.

मग शवविच्छेदनातला एक तपशील पुढे येतो. मृत मुलाच्या मांडीतून सुईने स्नायूचा तुकडा काढून घेतलेला आहे, आणि तोही मृत्यूनंतर. छपरावरून पडून मेलेल्या मुलाच्या स्नायूचा नमुना कुणाला आणि कशाला हवा असेल? या एका प्रश्नाचा धागा धरून स्मिला एकेक दार ठोठावते. प्राध्यापक, सरकारी अधिकारी, क्रायोलाइटचा धंदा करणारी कंपनी. सगळे सभ्य आहेत, मृदू बोलतात, आणि प्रत्येकाने कुठल्या ना कुठल्या कागदावर सही केलेली आहे.

कादंबरीतली कंपनी काल्पनिक आहे, पण तिच्यामागचा इतिहास खरा आहे. क्रायोलाइट हे खनिज अॅल्युमिनियम गाळण्याच्या प्रक्रियेत लागतं आणि त्याचा जगातला एकमेव मोठा नैसर्गिक साठा ग्रीनलंडमध्ये इविट्टूटला होता. शंभराहून जास्त वर्षं तिथून ते काढलं गेलं आणि साठा संपल्यावर १९८७ साली खाण बंद झाली. ग्रीनलंड १९५३ पर्यंत डेन्मार्कची वसाहत होती, त्यानंतर ती त्या राज्याचा भाग झाली, १९७९ साली तिला अंतर्गत स्वशासन मिळालं. गोदामाच्या छपरावर पळणाऱ्या मुलाच्या मागे हा सगळा इतिहास उभा आहे. पहिल्या भागात होएग यांना हे पक्कं ठाऊक आहे, आणि वाचकालाही ते जाणवत राहतं. हा मुलगा कुणी मारला, या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे: ज्या समाजात सगळं नियमाने चालतं, तिथे या मुलाच्या मरणाची दखल घेण्याची कुणालाच गरज का वाटली नाही?

दुसऱ्या भागात स्मिला ‘क्रोनोस’ नावाच्या जहाजावर चढते आणि कादंबरी हळूहळू दुसरीच होऊ लागते. बंद खोल्या, पाठलाग, मारामाऱ्या, कोण कुणाच्या बाजूचा याचा घोळ. तिसऱ्या भागात जहाज ग्रीनलंडजवळच्या एका बेटाशी पोचतं आणि गुपित उघडं होतं. तिथे बर्फाखाली एक विलक्षण उल्का आहे. तिच्याभोवतीच्या पाण्यात नारूच्या कुळातला, माणसाला ठार करणारा एक जंतू आहे. आयझाया आपल्या वडिलांबरोबर तिथे गेला होता. त्याच्या शरीरात तो जंतू आहे का, यावर काही माणसं गुपचूप नजर ठेवून होती. या सगळ्यामागे टोर्क नावाचा एक हुशार, थंड डोक्याचा, महत्त्वाकांक्षी माणूस आहे. स्मिला त्याच्या मागे गोठलेल्या समुद्रावर जाते आणि कादंबरी काहीही निकाल न देता थांबते.

उत्तर समजल्यावर मी पुस्तक मिटलं तेव्हा मनात आलं, की एवढं ताणून शेवटी हे? हे बहुतेक वाचकांना वाटतं. अशा वेळी आपण म्हणतो, की कथानक अविश्वसनीय झालं, लेखकाचा हात सुटला. ते खरंच आहे. गूढ जितकं वाढवलं तितकं उत्तरही मोठं हवं, या हिशेबाने होएग उल्केपर्यंत गेले. एका मुलाच्या मरणाचं वजन कमी पडेल, अशी जणू त्यांना शंका आली. पण हे झालं समीक्षेचं उत्तर. त्याने माझी सुटका होते, म्हणून मला ते पुरत नाही.

मी स्वतःला विचारून पाहिलं, की जहाजावरची दोनशेच्या आसपास पानं वाचताना आयझाया माझ्या मनात किती होता? खरं उत्तर असं आहे, की फारसा नव्हता. मी पुढे काय होतं याच्या मागे होते. आणि मुलाचा विसर पडला आहे याचं दुःखही त्या वेळी जाणवत नव्हतं, कारण पानं उलटण्याचा आनंद पुरेसा होता. निराशा आली ती उल्का दिसल्यावर. म्हणजे मुलगा हरवल्याची खंत मला वाटली नव्हती, कोड्याचं उत्तर फिकं निघाल्याची वाटली होती. उल्केऐवजी एखादं झकास, चकित करणारं उत्तर असतं तर मी मुलाला विसरून तृप्त मनाने पुस्तक मिटलं असतं. या शक्यतेपाशी मी बराच काळ थांबले आहे, आणि ती मला नाकारता आलेली नाही.

रहस्यकथा वाचणाऱ्याच्या मनात दोन वृत्ती एकदमच जाग्या होतात. एक कुतूहल, दुसरी कणव. चांगल्या सुरुवातीत त्या एकमेकींत मिसळलेल्या असतात, इतक्या की आपलं कुतूहल हीच आपली कणव, असं आपल्याला वाटू लागतं. मुलाला कुणी मारलं हे शोधायची ओढ म्हणजे मुलाबद्दलची माया, अशी आपली समजूत होते. पण कुतूहलाला उत्तर मिळालं की ते शमतं. कणवेला उत्तराने शांती मिळत नाही, कारण मेलेला परत येत नाही. कादंबरी फसते तेव्हा या दोन्ही वृत्ती वेगळ्या पडतात, आणि आपल्यात कोणती किती होती हे दिसतं. नीट जमलेला शेवट हे दिसू देत नाही. या अर्थाने होएग यांच्या फसलेल्या शेवटाने मला जे दाखवलं, ते दुसऱ्या कुठल्याही यशस्वी रहस्यकथेने दाखवलं नव्हतं.

उत्तर न देणं हाच दोष, असं मात्र मला म्हणायचं नाही. स्विस लेखक फ्रीडरिश ड्युरेनमाट यांची १९५८ सालची ‘द प्लेज’ ही कादंबरी मला या संदर्भात महत्त्वाची वाटते. मुलांवरच्या अत्याचारांविरुद्ध सावध करणाऱ्या एका चित्रपटाची कथा त्यांनी आधी लिहिली होती. तिथे गुन्हेगार सापडतो. त्या नीटनेटक्या शेवटाने त्यांचं समाधान झालं नाही, म्हणून त्यांनी ही कादंबरी लिहिली. मॅथेई नावाचा पोलिस अधिकारी खून झालेल्या मुलीच्या आईला वचन देतो, की मी खुन्याला शोधीन. तो सगळं बरोबर ओळखतो, सापळाही बरोबर लावतो, पण खुनी तिथे येण्याआधीच मोटारीच्या अपघातात मरतो. हे मॅथेईला कळतच नाही. तो वाट बघत राहतो आणि वाट बघण्यातच त्याचं आयुष्य उद्ध्वस्त होतं. इथे निकाल नाही, न्याय नाही, खुनी कोण हे वाचकाला कळतं तेही फार उशिरा आणि योगायोगाने. तरीही मला फसवल्यासारखं वाटत नाही. कारण पहिल्यापासून शेवटपर्यंत कादंबरी त्या मुलीला आणि त्या वचनाला सोडत नाही. मॅथेईचा नाश त्या वचनामुळेच होतो.

दुसरं उदाहरण आपल्या इतिहासाला लागून आहे. विल्की कॉलिन्स यांची १८६८ सालची ‘द मूनस्टोन’ १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या लुटीपासून सुरू होते. टिपू सुलतान पडतो त्या दिवशी एक इंग्रज अधिकारी हिरा लुटतो. पुढे इंग्लंडमधल्या एका घरातून तो चोरीला जातो आणि सगळी कादंबरी त्या दुसऱ्या चोरीच्या तपासात रंगते. पण शेवटी हिरा इंग्रज घरात परतत नाही, तो सोमनाथच्या देवाच्या कपाळी जातो. चोरीचा छडा लागतो आणि त्याबरोबर पहिल्या, मोठ्या चोरीचीही आठवण पुरी होते. साम्राज्य भरभराटीत असताना एका इंग्रज लेखकाने हे केलं. कॉलिन्स मूळ गुन्ह्याकडे परत आले. होएग मूळ गुन्ह्यापासून दूर, बर्फात निघून गेले.

आणि ग्रीनलंडच्या बाबतीतला तो मूळ गुन्हा कल्पनेतला नव्हता. १९५१ साली ग्रीनलंडमधून २२ मुलांना आईवडिलांपासून काढून डेन्मार्कला नेलं गेलं. त्यांना डॅनिश वळण लावायचं आणि नव्या ग्रीनलंडचा आदर्श म्हणून उभं करायचं, असा हेतू होता. काही मुलं डॅनिश कुटुंबांनी दत्तक घेतली. बाकीची ग्रीनलंडला परत आली ती घरी गेलीच नाहीत, त्यांना अनाथाश्रमात ठेवलं गेलं. त्यांच्यातल्या अनेकांना आपल्याच घरची भाषा बोलता येईना. २०२० साली डेन्मार्कच्या पंतप्रधान मेटे फ्रेडरिक्सन यांनी याबद्दल माफी मागितली. १९६६ ते १९७० या काळात ग्रीनलंडच्या सुमारे ४,५०० स्त्रिया आणि मुलींच्या शरीरात गर्भनिरोधक साधन बसवलं गेलं. अनेकींना ते काय आहे हे सांगितलंही नव्हतं, काही तर शाळकरी वयाच्या होत्या. हे प्रकरण सर्वांसमोर आलं २०२२ मध्ये आणि माफी आली २०२५ मध्ये.

यात कुठेही उल्का नाही. टोर्कसारखा एखादा राक्षसी बुद्धीचा माणूसही नाही. खाती आहेत, समित्या आहेत, डॉक्टर आहेत, आपण भलंच करतो आहोत असं मनापासून मानणारी माणसं आहेत. मृत मुलाच्या मांडीतून विचारल्याशिवाय काढलेला स्नायूचा तुकडा याच इतिहासातला होता. होएग यांना तो दिसला होता, त्यांनी तो पहिल्या भागात आपल्यासमोर ठेवलाही होता. एका मुलाचं शरीर जिवंतपणी आणि मेल्यावरही नमुना म्हणून वापरलं गेलं, हे त्यांच्या शेवटातही आहेच. पण तोवर जहाज, मारामाऱ्या आणि उल्का इतक्या पुढे आलेल्या असतात की ते वाक्य गर्दीत ऐकू येत नाही.

आणि ऐकू आलं नाही याचं मला हायसं वाटलं का? कारण अशा शेवटात दोषाची वाटणी बदलते. पहिल्या भागात आरोपी होता तो एक सुव्यवस्थित, सुशिक्षित समाज. त्यात नियम पाळणारे, कर भरणारे, वर्तमानपत्र वाचणारे लोक होते. तो समाज मला ओळखीचा वाटत होता, कारण मीही तशाच समाजात राहते. शेवटी आरोपी उरला एक दुष्ट माणूस आणि एक अद्भुत जंतू. त्या दोघांशी माझं काहीच नातं नाही. पुस्तकाने मला निर्दोष सोडलं. बुद्धीने मी त्या शेवटाला नावं ठेवली, पण मनाने ती सुटका घेतली. माझ्या सदसद्विवेकाला टोचतं ते हे.

त्या जंतूबद्दल एक गोष्ट मला मराठी वाचक म्हणून सांगितलीच पाहिजे. नारू आमच्याकडे भयकथेतला प्राणी नव्हता. महाराष्ट्राच्या कोरडवाहू खेड्यांत तो घरोघरी माहीत असलेला आजार होता. बारवेत उतरून पाणी भरावं लागे, दूषित पाणी प्यायलं की साधारण वर्षभराने पायातून फोड फुटून किडा बाहेर यायचा, कधी कधी जवळजवळ मीटरभर लांबीचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा, तुटला तर जखम चिघळायची. त्या दिवसांत माणूस शेतावर जाऊ शकत नसे. त्यावर ना औषध होतं ना लस. १९८० च्या दशकात देशभर निर्मूलनाचा कार्यक्रम सुरू झाला. पाणी गाळायची फडकी वाटली गेली, हातपंप बसले, पायऱ्यांच्या विहिरी बंद झाल्या किंवा त्यांची रचना बदलली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली नोंदला गेला आणि २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने देश नारूमुक्त जाहीर केला. म्हणजे कादंबरीत जो किडा बर्फाखालचं महागूढ म्हणून येतो, त्याच्या भावंडांचं खरं रहस्य एवढंच होतं, की कुणाला स्वच्छ पाणी मिळतं आणि कुणाला मिळत नाही. ज्यांनी तो घालवला त्यांनी राक्षस शोधला नाही. त्यांनी विहीर पाहिली.

मग मी माझ्या शहराकडे पाहते. बांधकामाच्या जागेवर मजुराचं मूल पाण्याच्या टाकीत पडून मेलं, लिफ्टसाठी सोडलेल्या पोकळीत पडलं, अशा बातम्या पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रांत येत असतात. चार ओळींची बातमी, मुलाचं वय, आईवडील मूळचे कुठल्या राज्यातले किंवा जिल्ह्यातले, आणि शेवटी अकस्मात मृत्यूची नोंद. कोपनहेगनच्या काल्पनिक मुलासाठी मी शेकडो पानं वाचली आणि शेवट मनासारखा नाही म्हणून हळहळले. या बातम्यांना शेवटच नसतो, आणि मला तो नसल्याचं जाणवतही नाही. कारण त्यात कोडं नाही. टाकीवर झाकण नव्हतं, मूल सांभाळायला कुणी नव्हतं, एवढंच. जिथे कोडं नाही तिथे माझं कुतूहल जागं होत नाही, आणि कणव कुतूहलाच्या मदतीशिवाय फार लांब चालत नाही.

याचा अर्थ रहस्यकथा वाचणं वाईट, असा मी काढणार नाही. कुतूहल ही देणगी आहे. परक्या देशातल्या, परक्या वंशाच्या मुलाजवळ मला कुतूहलानेच नेलं. तिथे पोचल्यावर थांबायचं की पुढच्या पानाकडे धावायचं, हे मात्र माझ्याकडे होतं. म्हणून आता कुठलीही रहस्यकथा मिटल्यावर मी स्वतःला एक प्रश्न विचारते: या उत्तराने दोष कुणाच्या माथी गेला, आणि कुणाच्या माथ्यावरून उतरला? उतरला तो माझ्या माथ्यावरून असेल, तर उत्तर कितीही चलाख असो, मी त्यावर विश्वास ठेवायला तयार नाही.

शेवटी मी परत स्मिलाकडे येते, कारण लेखक जिथे भरकटला तिथे त्याची नायिका सुरुवातीलाच योग्य जागी उभी होती. सगळे म्हणतात, की तिला बर्फाचं ज्ञान होतं म्हणून तिने ठसे ओळखले. ते अर्धंच खरं आहे. त्या मुलाला उंचीची भीती वाटते हे तिला माहीत होतं, आणि ते विद्येने कळत नाही. त्यासाठी त्या मुलाबरोबर बसावं लागतं, त्याला वाचून दाखवावं लागतं, तो कशाला घाबरतो हे बघावं लागतं. पोलिसांचा निष्कर्ष खोटा आहे असं ठामपणे म्हणता आलं ते फक्त तिलाच, कारण तो मुलगा तिला जवळून माहीत होता. शंका घेण्याचं बळ ओळखीतून येतं. माझ्या घरासमोर बांधकाम चालू आहे, तिथल्या पत्र्याच्या खोल्यांत मुलं राहतात, आणि त्यांच्यातल्या एकालाही कशाची भीती वाटते हे मला सांगता येणार नाही. उद्या त्यांच्यातल्या कुणाबद्दल अपघात म्हणून कागद तयार झाला, तर तो खोटा आहे असं म्हणायला माझ्याकडे काहीही नसेल. ते असावं, यासाठी रस्ता ओलांडून पलीकडे जावं लागेल, आणि ते त्यांच्यावर काही ओढवण्याआधीच करावं लागेल.